शुक्रवारची लग्नं

शनिवारचं वर्तमानपत्र आल्माने घडी घालून पावाच्या डब्याखाली सरकवलं होतं. पण ते गावात सगळ्यांनी वाचलंय, हे तिला रविवारी चर्चमध्ये पहिल्याच स्तोत्राला कळलं. मागच्या बाकांवरच्या बायका गाताना हातातल्या पुस्तकाकडे बघत नव्हत्या, हेट्टीच्या हॅटकडे बघत होत्या. आणि हेट्टी तरी कशी, नेमकी पेपरातल्या फोटोतली निळी हॅट घालून आली होती.

आता प्रार्थना आटोपून झिल्स्ट्रांचं घर नेहमीसारखं कॉफीला बसलं होतं. टेबलाच्या टोकाला गेरिट, ऑगस्टच्या उकाड्यात काळ्या सुटाचं एकही बटण न काढता. समोरच्या टोकाला त्याची धाकटी बहीण हेट्टी. नवरा गेल्यापासून रविवारी ती खुर्ची तिचीच. मधे गेरिट-आल्माचा मुलगा मार्व, बशीत हॅम घातलेले दोन पाव घेऊन. आणि खिडकीशी लोईस, आल्माची एकुलती लेक. तिने सकाळपासून कशालाच हात लावला नव्हता. आल्मा किटली घेऊन सगळ्यांच्या मागून फिरत होती. या घरात तिची खुर्ची होती, पण ती बसायची कॉफी संपल्यावर.

"तो बाहेर काढ," गेरिट म्हणाला.

"काय?"

"पेपर. पावाच्या डब्याखालचा."

इतक्या वर्षांच्या संसारात साखर कुठे असते हे गेरिटला कधी माहीत नव्हतं. पेपर कुठे लपवलाय ते बरोबर ठाऊक होतं. आल्माने आणून त्याच्यापुढे ठेवला. फोटोत हेट्टी कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लाकडी बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या मागून एक नवरी हातात चपला घेऊन धावत चालली होती. वर मोठ्या अक्षरांत: 'अनोळखी लग्नांची पाहुणी'. खाली सगळं आलं होतं. सेलरीची भाजी पिकवणाऱ्या झिल्स्ट्रांची लेक, विधवा, दर शुक्रवारी काउंटीच्या कोर्टात लग्नं बघायला बसते. त्यांवरून कोराली व्हेन या नावाने प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिते. आजवर पाच निघाल्या.

गेरिटने चष्मा लावला आणि बायबलची वचनं वाचावीत तशा आवाजात वाचलं. "'चर्चमध्ये कसं उभं राहायचं ते माणसाला शिकवलेलं असतं. कोर्टात कुणी शिकवत नाही. तिथे माणूस जसं प्रेम करतो तसा उभा राहतो.'" त्याने चष्मा काढला. "हे तू म्हणालीस?"

"म्हणाले. त्या पेपरवाल्या पोरीने शब्दन् शब्द बरोबर उतरवून घेतला."

"पाच पुस्तकं, आत्या?" मार्व म्हणाला. "आणि आम्ही समजत होतो तू कोर्टात दंड भरायला जातेस. तुझं गाडी चालवणं बघता." तो एकटाच हसला आणि पुन्हा पावाकडे वळला.

"आपला बाप याच टेबलावर रोज जेवणानंतर वचनं वाचायचा," गेरिट म्हणाला.

"वाचायचा ना. आणि नवरा-बायकोच्या प्रेमाचं काही आलं की दोन पानं एकदम उलटायचा. मी तेव्हाच ठरवलं, आपण त्या पानांपासून सुरुवात करायची."

आल्माला हेट्टी कधीच आवडली नव्हती. वाईट होती म्हणून नव्हे. हेट्टी घरात आली की लोईसचा चेहरा उजळायचा, म्हणून. लोईसचा नवरा रॉजर तिला सोडून ऍरिझोनाला निघून गेला तेव्हा लोईस रडायला आईकडे आली नाही, आत्याकडे गेली. आल्माने तेव्हा वाटाण्याचं सूप करून पाठवलं होतं. सूप पोचलं, आल्मा पोचली नाही.

"गुरुवारी चर्चच्या पंचमंडळाची बैठक आहे," गेरिट सांगत होता. "मी पंच आहे. माझ्यासमोर माझ्याच बहिणीचा विषय निघणार. शुक्रवारचं जाणं बंद कर, आणि पेपरला दोन ओळी पाठव, की माझं म्हणणं तसं नव्हतं."

"म्हणणं तसंच होतं, गेरिट."

"या शुक्रवारी तर तिला जावंच लागेल," लोईस म्हणाली.

सगळे खिडकीकडे वळले. लोईस उठून उभी राहिली होती. लहानपणी शाळेत पाठांतर म्हणताना उभी राहायची तशी, हात बाजूला सरळ.

"शुक्रवारी माझं लग्न आहे. एलिसेओशी. कोर्टात. दुपारी."

एलिसेओ ट्रेव्हिन्योला सगळे ओळखत होते. ब्लूबेरीच्या गोदामांतली थंड खोल्यांची यंत्रं तोच दुरुस्त करायचा. झिल्स्ट्रांच्या शेडमधलंही त्यानेच दोनदा केलं होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. माणूस म्हणून त्याच्याबद्दल गेरिटची काही तक्रार नव्हती, आणि हीच अडचण होती. तक्रार असती तर बोलणं सोपं होतं.

"त्याचे कॅथलिक पाद्री म्हणतात, तुझा पहिला नवरा जिवंत आहे," लोईस म्हणाली. "आपले पंचही तेच म्हणतात. दोन चर्चचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालंय, तेही माझ्यावर. म्हणून कोर्ट."

"लोईस," गेरिट म्हणाला.

"माझं संपलं नाही, बाबा. त्याच्याकडून चाळीसेक माणसं येणार आहेत. साक्षीदार दोन लागतात. त्याच्या बहिणी सही करायला भांडतायत. पण मला दोन्ही सह्या आपल्या घरातल्या हव्यात. मी पळून चाललेली नाही. मलाही घर आहे, हे त्या कागदावर दिसू दे."

"एक माझी," हेट्टी लगेच म्हणाली.

लोईसने भावाकडे पाहिलं. मार्वने पावातला हॅम उघडून पाहिला, जणू उत्तर तिथे होतं. "शुक्रवारी ट्रक भरायचा असतो गं, लोईस. सेलरी थांबत नाही. तुला माहितीय."

मग तिने आईकडे पाहिलं.

किटली आल्माच्या हातात होती. तिला वाटलं, आता आपण काहीतरी बोलणार. ती स्वतःच वाट बघत राहिली.

"कॉफी निवली," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मागे गेरिटचा आवाज आला, शांत, नेहमीसारखा: "या घरातून कुणी जाणार नाही."

*

मागच्या पायऱ्यांवर लोईस हेट्टीशेजारी येऊन बसली. समोर सेलरीच्या रांगा काळ्या मातीत पार ओढ्यापर्यंत गेल्या होत्या. शेडच्या छपरावर ऊन तापलं होतं.

"आत्या, एक गोष्ट आधीच सांगते. मला पुस्तकात घालायचं नाही."

हेट्टीने हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. हे येणार हे तिला माहीत होतं. टेबलावर सही देऊ केली त्याच क्षणी तिच्या मनात पहिला विचार आला होता तो लोईसच्या सरळ हातांचा. या हातांचं वर्णन कसं करावं. तिला स्वतःची थोडी लाज वाटली होती, पण विचार गेला नव्हता.

"कोर्टात मी पहिल्यांदा गेले ती नवऱ्याच्या, क्लासच्या, जमिनीच्या कागदांसाठी," ती म्हणाली. "त्याला पुरून आठवडा झाला होता. बाकावर नंबराची वाट बघत बसले होते. एक मुलगी आली, परिचारिकेच्या पांढऱ्या बुटांत, कामावरून तशीच. म्हणाली, आमच्यात एक साक्षीदार कमी पडतोय, येता का? गेले. शपथ घेताना तिने एका हाताने नवऱ्याचा हात धरला होता आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट. ओळख ना पाळख. घरी आले तर मनगटावर तिच्या बोटांचे वळ. मी दुपारभर ते बघत बसले. पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेले."

"हे पेपरात नाही आलं."

"हे मी तिला सांगितलंच नाही. प्रत्येक गोष्ट पेपरासाठी नसते."

"पण पुस्तकासाठी असते."

हेट्टी हसली. "एक जोडपं आलं होतं, दोघं साठीच्या पुढचे. बाई हातातली पिशवी खाली ठेवेना. मॅजिस्ट्रेटनी दोनदा सांगितलं. शेवटी म्हणाली, आत आइसक्रीम आहे, लवकर उरका. मी ते जसंच्या तसं लिहिलं. न्यूयॉर्कच्या संपादकबाईंनी आइसक्रीम काढलं आणि गुलाब घातले. वर कळवलं, कोर्ट काही रोमँटिक नाही, पुढच्या वेळी बाग घ्या. मी पुढच्या वेळी पुन्हा कोर्टच घेतलं. पाचही पुस्तकांत कोर्टच आहे. दर वेळी भांडून."

"विषय बदलू नकोस."

"बदलत नाहीये. तुझं नाव घालणार नाही. तुझे कपडेही लिहिणार नाही. पण बघितलेलं न बघितल्यासारखं मला करता येत नाही, लोईस. खोटं वचन देऊ का? तुझ्या लग्नात?"

लोईस उठली, स्कर्टची माती झटकली. "मग तू सही कर, पण मी अजून रागावलेली आहे."

"राग," हेट्टी म्हणाली, "कोर्टात चालतो."

*

गेरिट हेट्टीला गाडीशी गाठायला शेडमागून आला. जॅकेट अजून अंगावर होतं. बहीण आता वयाने वाकायला लागली होती, पण गाडीचं दार उघडताना हनुवटी वर करायची तिची तऱ्हा लहानपणचीच होती, आणि त्याला त्याचा लहानपणीइतकाच राग आला.

"तुला वाटतं मी दगड आहे."

"छे. दगडाला कुणी पंच करत नाही."

तो हसला नाही. बांधापलीकडे हार्म डायकेमाचं शेत होतं. रविवार असल्यामुळे ट्रॅक्टर उभा होता. हार्म आणि गेरिट एका वर्गात होते, एका थंडीत दोघं मिळून ओढ्यावरचा बर्फ फुटून पाण्यात पडले होते आणि एकमेकांना ओढून बाहेर आले होते.

"हार्मची बेथ आठवते?" गेरिटने विचारलं.

"आठवते."

"तिचा नवरा तिला टाकून गेला होता. तिला दुसरं लग्न करायचं होतं, आपल्या चर्चमध्ये. हार्म पंचमंडळापुढे आला, टोपी हातात घेऊन. बाकीचे सगळे टेबलाकडे बघत बसले. कुणाला बोलायचं नव्हतं. मी बोललो. नाही म्हणालो." तो थांबला. "बेथने इंडियानात जाऊन लग्न केलं. ती परत कधी चर्चमधल्या त्यांच्या बाकावर बसली नाही. हार्म अजून बसतो. एकटा. बांधावर दिसला की हात करतो मला. त्याने बोलणं टाकलं असतं तर बरं झालं असतं."

हेट्टी दार धरून उभी राहिली. तिला हे माहीत नव्हतं. बेथचं माहीत होतं. नाही कुणी म्हटलं ते नव्हतं.

"आता माझ्या लेकीला हो म्हणू?" गेरिट म्हणाला. "मग हार्मच्या लेकीला नाही का म्हणालो? सांग. तू लेखिका ना? सांग."

"मला का विचारतोस? बांध ओलांडून जा. हार्मला विचार."

"काय विचारू त्याला?"

"विचारू नकोस. माफी माग."

"माफी मागायची म्हणजे मी चुकलो असं म्हणायचं."

"हो. त्या शब्दाचा अर्थ तोच आहे."

गेरिटचा चेहरा लाल झाला. "एवढं सोपं असतं ते तुझ्या पुस्तकांत."

"माझ्या पुस्तकांत म्हातारे नसतातच, गेरिट. संपादकबाई ठेवू देत नाहीत." ती गाडीत बसली आणि काच खाली केली. "मी शुक्रवारी जाणार. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही जाणार. गुरुवारी तुझ्या पंचांना सांग, मला चर्चमधल्या प्रभुभोजनाला बसू द्यायचं नसेल तर नका देऊ. मी बाजूच्या बाकावर बसून बघेन. मला बघायची सवय आहे."

गाडी धूळ उडवत गेली. गेरिट तिथेच उभा राहिला. पलीकडे हार्म कुत्र्याला घेऊन अंगणात आला होता. त्याने गेरिटला पाहिलं आणि हात वर केला. गेरिटनेही केला.

*

आल्माने हेट्टीचं एक पुस्तक बुधवारी आणलं, शेजारच्या गावातल्या औषधांच्या दुकानातून, खोकल्याच्या गोळ्यांबरोबर. गुरुवारी गेरिट बैठकीला गेला तेव्हा ती स्वयंपाकघरात बसून ते वाचत होती. तिला ते फारसं आवडलं नाही. नायक फारच उंच होता. पण कोर्टाच्या जागी ती थांबली. नवरीची आई जिन्याखाली उभी राहते आणि वर येत नाही, असं एक वाक्य होतं. एकच. त्या आईचं पुढे काय झालं, ते पुस्तकात कुठेच नव्हतं. आल्माने पानं मागेपुढे करून शोधलं. मग तिला फार राग आला. आधी हेट्टीचा, आणि मग तो राग पसरत गेला.

गेरिट परतला तेव्हा तो थकलेला होता. हेट्टीचा विषय पुढे ढकलला होता, एवढंच त्याने सांगितलं. आल्माने विचारलं, "आणि लोईसचा?" तो म्हणाला, "लोईसचा विषय निघाला नाही." त्याने काढला नव्हता, हे तिला कळलं.

शुक्रवारी दुपारी तिने चर्चचा करडा पोशाख घातला आणि जेवणाच्या टेबलाशी उभी राहिली.

"मी लोईसच्या लग्नाला चाललेय. सूप फ्रीजमध्ये आहे."

"आल्मा."

"पातेलं खालच्या कपाटात. गरम करून घे."

"मी सांगितलं होतं या घरातून—"

"मी ऐकलं होतं," आल्मा म्हणाली. "मी किटली धरून उभी होते, बहिरी नव्हते. तू या घरातून म्हणालास. मी या घरात वधूची आई पण आहे, गेरिट, हे कुणी विचारात घेतलं नाही. मी सुद्धा."

तिने गाडीची किल्ली खुंटीवरून घेतली. ती मुठीत घट्ट धरून बाहेर पडली.

*

कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर हेट्टीचा बाक त्या दिवशी तिला मिळालाच नाही. ट्रेव्हिन्योंच्या मावश्या, काकू, पांढऱ्या मोज्यांतली पोरं, सगळी त्यावर आणि आजूबाजूला मावली होती. खाली ट्रकमध्ये मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या तमालींची मोठाली पातेली झाकून ठेवली होती आणि एक काका दर थोड्या वेळाने जाऊन ती बघून येत होते. गिटार आणायची नाही असं दारावरच्या पोलिसाने सांगितलं होतं, म्हणून एलिसेओचा भाऊ हात खिशात घालून ओठांतल्या ओठांत गुणगुणत होता.

एलिसेओ तपकिरी सुटात हेट्टीपाशी आला. "आत्याबाई, तुम्हाला इथला अनुभव जास्त. मी डावीकडे उभा राहू की उजवीकडे?"

"कुठेही राहा. इथे चुकत नाही कुणी."

"मला भीती वाटतेय," तो हळूच म्हणाला. "पहिल्या वेळी नव्हती वाटली. तेव्हा अक्कल नव्हती."

हेट्टीला हे वाक्य फार आवडलं. तिने ते मनात ठेवलं आणि लगेच लोईसकडे चोरून पाहिलं. लोईस हिरव्या पोशाखात दाराशी उभी होती आणि जिन्याकडे बघत होती.

मॅजिस्ट्रेटबाई गळ्यातला चष्मा नाकावर चढवत बाहेर आल्या. "ट्रेव्हिन्यो आणि झिल्स्ट्रा? साक्षीदार?"

"एक मी," हेट्टी म्हणाली. मॅजिस्ट्रेटबाई हसल्या, तिला त्या ओळखत होत्या. "आणि दुसरा?"

एलिसेओची थोरली बहीण ओफेलिया पुढे झाली. "दुसरी मी आहे. हिला हवं असेल तर." तिने लोईसच्या पाठीवर हात ठेवला. "आणि नको असेल तर मी रागावणार नाही, मुली. जरा रडेन फक्त."

"जरा थांबूया," लोईस म्हणाली.

थांबले. मॅजिस्ट्रेटबाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही, पण खोलीतल्या घड्याळाचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. एका पोराने मोजे काढून टाकले. शेवटी लोईस हेट्टीजवळ आली आणि तिच्या कानाशी बोलली. आवाज कोरडा होता.

"लिही तू."

"काय?"

"हे सगळं. नावासकट लिहिलंस तरी चालेल. मी जिन्याकडे किती वेळ बघत उभी होते ते लिही. बाबा आले नाहीत, आई आली नाही, मार्व सेलरी भरत होता, हे लिही. गुलाब घालू नकोस कुठे. त्या संपादकबाईने काढायला सांगितलं तर काढू देऊ नकोस."

"नाही देणार," हेट्टी म्हणाली.

"चल मग. ओफेलिया, या तुम्ही."

ओफेलियाने डोळे पुसले, पदर सावरावा तशी खांद्यावरची शाल सावरली आणि निघाली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, कठड्याला धरत धरत. आधी आल्माचे पांढरे केस दिसले, मग करडा पोशाख, मग काखेतली पर्स. वर येऊन ती दम घ्यायला थांबली. चाळीस माणसं तिच्याकडे बघत होती आणि त्यांतल्या एकाही माणसाशी ती कधी बोललेली नव्हती.

"सही कुठे करायची?" तिने मॅजिस्ट्रेटबाईंना विचारलं.

"आधी लग्न तर होऊ द्या, बाई."

कुणीतरी हसलं, मग सगळेच. लोईस हसली नाही. ती आईपाशी गेली आणि तिच्या खांद्यावर कपाळ टेकवून उभी राहिली. आल्माला काय करावं कळेना. तिने लेकीच्या पाठीवर दोनदा थोपटलं, कणीक थोपटावी तसं, आणि म्हणाली, "उशीर झाला. गाडी लावायला जागा मिळेना."

ओफेलिया स्वतःहून बाजूला झाली आणि आल्माचा हात धरून तिला पुढे नेऊन उभं केलं. "इथे, विहीणबाई. इथून चांगलं दिसतं."

लग्न लहानसंच होतं. शपथ घेताना एलिसेओचा आवाज मधेच फुटला, तेव्हा लोईसने त्याची ओळ स्वतः पुरी केली, आणि मॅजिस्ट्रेटबाईंनी ती त्याचीच धरली. हेट्टी बघत होती. पण त्या दिवशी पहिल्यांदा तिची नजर नवरा-नवरीवर ठरत नव्हती. ती आल्माकडे बघत होती. आल्मा शपथेतला शब्दन् शब्द असा ऐकत होती, जसं कुणी आपल्या पूर्वी केलेल्या कराराचा मजकूर उशिरा वाचून बघतं.

सहीची वेळ आली. हेट्टीने केली. आल्माने पेन घेतलं आणि नेहमीच्या सवयीने 'मिसेस गेरिट' लिहायला सुरुवात केली.

"तुमचं स्वतःचं नाव, बाई," मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या.

आल्माने तेवढं खोडलं. मग हळूहळू, प्रत्येक अक्षर सुटं, आपलं नाव लिहिलं आणि ते वाळेपर्यंत बघत राहिली.

*

गेरिटने शेतावरचा छोटा ट्रक कोर्टासमोर लावला होता, जिथे लावायची परवानगी नव्हती. सूप त्याने गरम केलं नव्हतं. पातेलं त्याला सापडलं होतं, पण ते हातात घेऊन तो स्वयंपाकघरात उभा राहिला होता, आणि घर इतकं शांत होतं की त्याला तिथे थांबवेना.

कोर्टाची पहिली पायरी तो चढला होता. दुसरीवर त्याला हार्मची टोपी आठवली. आज वर गेलो तर हार्मकडे जावंच लागेल, उद्याच, बांध ओलांडून. आणि काय म्हणायचं ते त्याला अजून येत नव्हतं. तो मागे फिरून ट्रकमध्ये बसला. वरच्या खिडकीतून टाळ्यांचा आवाज आला. झालं होतं तर. आपण आल्माला न्यायला आलो की आणखी कशाला, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. शेवटी त्याने हाताशी होतं तेच केलं. हॉर्न वाजवला.

*

तो हॉर्न आल्माने हजारातून ओळखला असता. खोलीत लोक एकमेकांना मिठ्या मारत होते आणि एलिसेओच्या भावाला आता मोठ्याने गायची परवानगी मिळाली होती. लोईस खिडकीशी गेली.

"बाबा आहेत," ती म्हणाली. "खाली."

हेट्टी आल्माजवळ सरकली. "जातेस खाली?"

"जिना त्यालाही चढता येतो," आल्मा म्हणाली.

तिने हेट्टीकडे पाहिलं. "मी तुझ्यासाठी आले नाही, हेट्टी. ते डोक्यातून काढ."

"नाही म्हणत."

"तुझं पुस्तक वाचलं मी. शेवटच्या पानावर लग्न लावलंस आणि संपवलंस."

"तिथेच संपतं ते."

"तिथे संपत नाही. तिथून कपबश्या सुरू होतात. आणि ती आई जिन्याखाली उभी राहिली, तिला तू तशीच सोडून दिलीस. लाज वाटायला हवी तुला."

हेट्टी शेजारच्या रिकाम्या बाकावर बसली आणि पर्स बाजूला ठेवली.

दाराशी एक मुलगा आणि एक मुलगी घुटमळत होती. मुलगा कारखान्याच्या निळ्या शर्टात, त्याच्याबरोबर तसल्याच शर्टातला एक मित्र. मुलीने पिवळा पोशाख घातला होता, आणि तिची कॉलर एका बाजूने आत दुमडली होती. दोघांच्याही मागे दुसरं कुणी नव्हतं.

"माफ करा," मुलगा म्हणाला. "आमच्यात एक साक्षीदार कमी आहे. खाली सांगितलं, इथे एक बाई बसतात. निळी हॅट."

हेट्टी पर्स उचलून उठू लागली. आल्माने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"तू बस. तू बघ."

खाली हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. लोईसने आईकडे पाहिलं. आल्मा तोवर दारापाशी पोचली होती. तिने मुलीची कॉलर बाहेर काढून नीट बसवली.

"तुझं नाव काय, पोरी?" तिने विचारलं.